सवय, सोय आणि चार माणसं

शेतकऱ्याला पाण्याची किंमत कळत नाही, असं म्हणणारा माणूस खर्ड्याच्या बाजूला उन्हाळ्यात राहिलेला नसतो. जामखेड तालुक्याच्या या टोकाला, बालाघाटाच्या डोंगररांगेत, नगर (आता अहिल्यानगर), बीड आणि धाराशिव हे तीन जिल्हे एकमेकांना भिडतात. टँकरची वाट बघणं, विहिरीचा तळ दिसणं, कर्ज काढून घेतलेलं बोअर कोरडं जाणं, हे सगळं इथल्या लोकांनी सोसलेलं आहे. पाणी संपतं हे त्यांना कोणा पदवीधराने येऊन सांगायची गरज नाही. तरीही एखादा पावसाळा बरा गेला आणि विहिरीत जरा पाणी दिसलं की कोणी ऊस लावतो, कोणी शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा शंभर फूट खोल बोअर घेतो. ठाऊक सगळ्यांना सगळं असतं, आणि घडतं मात्र वेगळंच. असं का होतं, आणि कुठे कुठे ते झालं नाही, लोक खरोखर वेगळं वागू लागले ते कशामुळे, या प्रश्नांचा शिस्तीने अभ्यास करणारा एक विषय गेल्या काही दशकांत आकाराला आला आहे. शाश्वतता आणि वर्तनबदल हे त्याचं नाव. मराठीतून त्याकडे वळणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हाताशी धरण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम वेल्समध्ये चालतो. मॅकन्लेथ गावाजवळच्या स्लेटच्या बंद पडलेल्या खाणीत १९७३ साली सेंटर फॉर ऑल्टरनेटिव टेक्नॉलॉजी ही संस्था सुरू झाली, तिथे. आपल्याकडे नेमकी हीच पाटी शोधायला गेलं तर क्वचितच सापडेल, पण अभ्यास आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल आणि शाश्वतता हा विषय शिकवला जातो, आणि तिचा तुळजापूरचा परिसर तर ग्रामीण प्रश्नांसाठीच उभा राहिला. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना गावात राहून काम करावंच लागतं. आणि नगर जिल्ह्यातच राहुरीला, १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, कृषी विस्तार हा विभाग आहे. शेतकरी नवं बियाणं कधी घेतो, कोणाचं ऐकून घेतो, कधी सोडून देतो, हे विचारणारे विस्तार शिक्षणाचे लोकच या विषयाचे सगळ्यात जुने अभ्यासक. त्यांना कोणी त्या नावाने ओळखलं नाही, एवढंच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार खोल रुजलेला आहे. माहिती दिली की माणूस बदलतो, असं आपण धरून चालतो. सरकारी खात्यांचे फलक, भिंतीवरची घोषवाक्यं, शाळेतल्या प्रभातफेऱ्या, सगळं या एका समजुतीवर उभं आहे.

मोटारीला बसवलेल्या ऑटोचंच बघा. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठायचं, बॅटरी घ्यायची, साप-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्याही धाकात रानात जायचं, मोटार चालू करायची आणि दारं धरत उभं राहायचं. लाईट मध्येच गेली तर ती परत येईपर्यंत थंडीत बांधावर बसायचं. स्टार्टरला ऑटो बसवला की हा जाच वाचतो. लाईट येताक्षणी मोटार आपली आपण सुरू होते. मालक घरी झोपलेला असतो आणि पाणी सरी भरून, बांध ओलांडून खालच्या वावरात जाऊन साचतं. या शेतकऱ्यापुढे ‘पाणी हेच जीवन’ असा फलक धरला तर तो मान डोलावेल, कारण त्याला ते पटलेलंच आहे. त्याला दिवसा, ठरल्या वेळी, खात्रीची लाईट दिली तर ऑटो काढून ठेवायला त्याला व्याख्यानाची गरज पडणार नाही. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती ऊर्जा खात्याची योजना म्हणून. माझ्या लेखी ती वर्तनबदलाचीही योजना आहे, आणि अभ्यासकाने तिच्याकडे तसं पाहावं. त्याच न्यायाने, २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली तेव्हा तीही माणसांच्या वागण्यात शिरली, फक्त उलट दिशेने. मोटार बंद करायचं एक कारण त्या दिवशी कमी झालं.

लंडनमधल्या मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यासाठी एक साधी चौकट मांडली. कोणतंही वागणं घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी लागतात. यातली एक जरी नसली तरी उरलेल्या दोन हात चोळत बसतात. विद्यार्थ्याला ही चौकट पहिल्या आठवड्यातच भेटेल. ती उपयोगी आहे, पण तिच्या जोरावर गावात शिरून रकाने भरायला बसू नये. आपल्याकडे बहुतेक वेळा घोडं संधीपाशी अडतं, आणि आपले कार्यक्रम मात्र प्रेरणेवर खर्च करतात.

घरातलं उदाहरण चुलीचं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांत गॅस पोचला. आज या भागातल्या अनेक घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी चुलीवर. अंघोळीचं पाणी तर हमखास चुलीवर तापतं. बाहेरून आलेल्या माणसाला हा हट्ट वाटतो. घरातल्या बाईला विचारलं तर हिशेब कळतो. तुराट्या आणि गोवऱ्या घरच्या आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. टाकी संपली की एकरकमी पैसे मोजावे लागतात, आणि ते नेमके सुगीच्या आधी नसतात. शिवाय ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी लावायची असते; ती जशी फुगते तशी गॅसच्या बर्नरवर फुगत नाही. धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो, हे तिला माहीत आहे. चुलीचा धूर कमी करायचा अभ्यास करणाऱ्याने आधी ही भाकरी नीट पाहिली पाहिजे.

आणि कधीकधी चांगली सोयसुद्धा उलटते. ठिबकने एकरी पाणी वाचतं हे खरंच आहे. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही. त्यावर आणखी एकर भिजतो. इंग्लंडमध्ये विल्यम जेव्हन्सने १८६५ साली कोळशाबद्दल हेच दाखवून दिलं होतं: यंत्रं काटकसरी झाली आणि कोळशाचा खप वाढला. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं पावसाच्या पाण्याने भरावं ही कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते बोअरच्या पाण्याने भरलं जातं, म्हणजे सगळ्यांचं भूजल एकाच्या तळ्यात उघड्यावर येतं आणि उन्हात उडून जातं. यात कोणी एक शेतकरी दोषी नसतो. शेजाऱ्याने उपसलं तर मी का थांबू, हा प्रश्न एकेकट्याने सोडवता येत नाही.

इथे या विषयाचा गाभा येतो, आणि त्यासाठी आपल्याला वेल्सला जावं लागत नाही. खर्ड्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी जाऊन पोचलं तरी पुरतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० साली जामखेडला आलं. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. त्यांनी सुरू केलेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाला जगभर जामखेड या गावाच्याच नावाने ओळखलं जातं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारांची यादी इथे महत्त्वाची नाही. त्यांनी काय केलं याहून त्यांनी काय करायचं सोडून दिलं, हे विद्यार्थ्याने आधी बघावं.

दवाखाना काढला की लोक येतील आणि आजार कमी होतील, ही कल्पना त्यांनी सोडली. ते आले आणि लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांनी औषध मागितलं नव्हतं. पाणी आणि अन्न मागितलं होतं. म्हणून आरोग्याचं काम पाणी आणि अन्नापासून सुरू झालं. प्रशिक्षित नर्सने गावोगाव जाऊन आरोग्यशिक्षण द्यायचं, ही योजनाही टिकली नाही. एकट्या बाईला परक्या गावात राहणं अवघड होतं, आणि शिकलेली, पगारी, बाहेरची बाई जे सांगते ते ‘तिचं’ असतं, आपलं नसतं. शेवटी गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. या बायका बहुतेक निरक्षर होत्या. त्यांत दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, एका छताखाली झोपायच्या. शिकणं तर होतंच, पण निम्मं काम या एकत्र राहण्याने केलं. जिच्या हातचं पाणी आयुष्यात घेतलं नव्हतं तिच्या शेजारी झोपून उठलेली बाई गावात परत जाते तेव्हा तिच्याबरोबर जुलाबावरच्या उपायाखेरीज आणखीही काही जातं.

जुलाबाचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. पोराला हगवण लागली की त्याचं पाणी तोडायचं, कारण पाणी पाजलं की जुलाब वाढतात, अशी समजूत होती. ती वेडगळ नव्हती. डोळ्यांना तसंच दिसतं. पाणी प्यायल्यावर पोर पुन्हा बसतं. या समजुतीपुढे डॉक्टरांचं भाषण हरतं. गावातली बाई मात्र त्या घरात जाते, चुलीपाशी बसते, घरच्याच तांब्यात उकळून गार केलेलं पाणी घेते, चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घालते, आणि चमच्याचमच्याने स्वतः पाजत बसते. पोर मान धरू लागेपर्यंत ती हलत नाही. आणि हे करताना ती पोराच्या आईशी बोलत नसते, सासूशी बोलत असते. घरात पोराला काय पाजायचं हे सून ठरवत नाही, हे तिला कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय ठाऊक असतं. बाळंतपण सोपं जावं म्हणून पोटुशीने कमी खावं, ही समजूतही सासवांच्याच हातात होती, आणि ती मोडली तीही सासवांच्या वयाच्या बायकांनी. १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. दोन दशकांनी प्रकल्पाच्या गावांत हा आकडा विशीच्या घरात आला.

पुरुषांशी बोलायला आरोळे यांनी व्हॉलीबॉलचा खेळ मांडला. वेगवेगळ्या जातींची तरुण पोरं संध्याकाळी एका जाळ्याच्या दोन बाजूंना आली, खेळानंतर बोलणं सुरू झालं, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली आणि पुढे बायकांची महिला मंडळं. दुष्काळात पिण्याच्या पाण्याची बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत निघतील याची आरोळे यांनी काळजी घेतली. अस्पृश्यतेवर प्रवचन नाही, शपथ नाही. पाणी हवं असेल तर तिथे जावं लागेल, एवढंच. शाश्वततेच्या अभ्यासकाने ही बोअरची जागा कायम लक्षात ठेवावी. वागणं बदलण्यासाठी कधीकधी माणसाच्या डोक्यात शिरण्यापेक्षा हातपंपाची जागा नीट निवडणं जास्त उपयोगी पडतं.

जामखेडच्या बायका मंडळात बसून जे करत होत्या, त्याला मानसशास्त्रात एक जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. काळीज, गुर्दे असले जिन्नस बायकांनी घरी शिजवावेत असं सरकारला वाटत होतं, आणि लोक ते खायला नाखूश होते. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांपुढे उत्तम व्याख्यानं ठेवली, आणि काही गटांत बायकांनाच आपसांत बोलायला लावून शेवटी, करून बघणाऱ्यांनी हात वर करा, असं विचारलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के बायकांनी नंतर तो पदार्थ केला; आपसांत ठरवलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के. माहिती दोन्हीकडे सारखीच होती. फरक एवढाच की दुसऱ्या गटातल्या बाईने चार जणींच्या देखत हात वर केला होता, आणि बाकीच्यांनीही वर केलेला तिने पाहिला होता. ‘चार माणसं काय म्हणतील’ या धाकाने आपल्याकडे किती आयुष्यं खुंटली, हे सांगायला नको. पण तीच चार माणसं पाठीशी उभी राहिली तर एकट्याला न जमणारं जमतं, हे जामखेडने दाखवलं. माझ्या मते या साऱ्या विषयात सांगण्याजोगी हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे.

नगर जिल्ह्याच्या पाण्यातही तिचा प्रत्यय येतो. हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत झालेली पाणलोटाची कामं सर्वांना दिसतात; खरी कमाल त्यानंतरच्या हिशेबात आहे. पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग उरेल त्यात रब्बीचं किती भिजवायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, हे गावाने स्वतःवर घातलेले नियम. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या सामायिक कुरणांचा, मासेमारीचा, पाटपाण्याचा अभ्यास करून १९९० मध्ये मांडलं की लोक स्वतः नियम करतात, स्वतः राखण करतात, आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा देतात, तिथे सामायिक साधनं टिकतात. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हिवरे बाजारला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

तरी आदर्श गावाकडे बघताना विद्यार्थ्याने भारावून जाऊ नये. राळेगणसिद्धीचं काम १९७५ पासूनचं आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना त्यातून उमेद मिळाली. पण तिथे दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जात होतं, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितलेलं आहे. दारू सुटली. बायकांचा मार चुकला. तरीही तो मार्ग आपण शिकवायचा का? मी म्हणेन, नाही. पण हे उत्तर सहज देता येतं असं मात्र मी विद्यार्थ्याला सांगणार नाही. संध्याकाळी झिंगून आलेल्या नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला आधी विचारून मगच त्यावर बोलावं. वर्तनबदलाच्या प्रत्येक उपायात जबरदस्तीचा थोडा अंश असतोच. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टाइन यांनी २००८ मध्ये मांडलेला अलगद धक्क्याचा सिद्धांतही, निवड मोकळी ठेवून माणसाला एका बाजूला कलतं करणारा, त्यातून पूर्ण सुटत नाही. धक्का कोण देतो आणि कोणाला, हा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न खर्ड्यात टोकदार होतो. मराठी वाचकाला खर्डा माहीत आहे तो १७९५ च्या लढाईमुळे. मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली निजामाविरुद्ध एकत्र लढले ते इथे. निंबाळकरांचा भुईकोट अजून उभा आहे. पण ‘गाव एक झालं की सगळं जमतं’ असं सहज बोलणाऱ्याने खर्ड्याचं २०१४ सालही लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी गावातल्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. जामखेड याच तालुक्यात, आणि त्या प्रकल्पाला तेव्हा चार दशकं होऊन गेलेली. मी यातून जामखेडचं काम फसलं असा निष्कर्ष काढत नाही. आरोग्याचं वागणं बदललं म्हणून जातीचं वागणं आपोआप बदलत नाही, आणि ‘गाव’ हा शब्द उच्चारताना त्यात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं हे विचारलंच पाहिजे, एवढं मात्र त्यातून शिकायला लागतं. चार माणसांचा पाठिंबा म्हणताना ती चार माणसं कोणत्या आळीची, हेही लिहून ठेवावं लागतं.

पाणलोटाच्या कामात हे फार लवकर दिसून येतं. चराईबंदी सगळ्यांनी मिळून ठरवली, असं अहवालात लिहिलेलं असतं. जमीन असलेल्याच्या विहिरीला त्यामुळे पाणी वाढतं. ज्या बाईकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, तिला मात्र दुसऱ्या दिवसापासून चारा विकत घ्यावा लागतो किंवा शेळ्या विकाव्या लागतात. धनगरांचे कळप वाट बदलतात. डोंगर हिरवा होतो, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे हिरवेपणात दिसत नाही. शाश्वततेचा पदव्युत्तर विद्यार्थी जर शेळीवाल्या बाईपर्यंत पोचला नाही, तर त्याने केलेला अभ्यास जमीनवाल्यांच्या समाधानाचा अभ्यास ठरतो.

वेल्सच्या वर्गात शिकणारा विद्यार्थी विमानप्रवास, मांसाहार, घर तापवण्याचं इंधन यांचा विचार करतो. तिथलं माणसी सेवनच इतकं आहे की ते बरोबरच आहे. पण तीच प्रश्नावली खर्ड्यात आणून उपयोग नाही. इथली बाई दिवसाला जेवढं पाणी वापरते, जेवढी वीज जाळते, त्यात वाचवायला फारसं काही नाहीच. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने पर्यावरणपूरक जीवनशैलीची हाक दिली, २०२२ मध्ये तिचं अभियान सुरू झालं. या हाकेत एक धोका आहे: तिचं ओझं सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. बदल कोणाच्या वागण्यात हवा, हे ठरवताना वरच्या दिशेनेही बघायला हवं. ऊस लावणारा शेतकरी अडाणी नाही; या पट्ट्यात हमखास विकलं जाणारं, ठरलेला किमान दर असलेलं आणि कारखान्याच्या टोळ्याच येऊन तोडून नेणारं पीक दुसरं नाही. तुरीला, उडदाला, ज्वारीला तशी हमी दिली नाही, तर ताळेबंद मांडून काय होणार? हमी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाचं वागणंही याच विषयात येतं. लाईटची पाळी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं येतं. उद्दिष्ट पूर्ण झालं की फाईल बंद करणाऱ्या यंत्रणेचं तर येतंच येतं.

फाईल बंद झाल्यावर काय होतं, याचा अभ्यास आपल्याकडे सगळ्यात कमी झाला आहे. स्पर्धा, अभियानं यांनी महाराष्ट्र भरलेला आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. हाती खराटा घेऊन गाव झाडल्यानंतरच कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा हे तर वर्तनबदलाचे आपले थोर आचार्य. अभियानाच्या दिवसांत गावं पेटून उठतात हे खरं, आणि त्या दिवसांचं मोल मी कमी लेखत नाही. पण बक्षीस मिळून काही वर्षं झाल्यावर, सरपंच बदलल्यावर, चराचा गाळ काढायला कोण येतं? शौचालयाच्या खोलीत सरपण भरलेलं आहे का? ताळेबंद वाचायची ग्रामसभा अजून होते का, आणि त्या सभेत बायका बसतात की दारातून ऐकतात? प्रबंधासाठी गाव निवडताना विद्यार्थ्यांनी चालू प्रकल्पाचं गाव टाळावं, संपलेल्या प्रकल्पाचं घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. मार्गदर्शकांना हे आवडत नाही, कारण तिथे गाडी लावून देणारं कोणी नसतं आणि आकडे हातात आयते पडत नाहीत.

अशा विषयांतला एक मला फार निकडीचा वाटतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर आशा सेविका आल्या. गावातलीच बाई, गावासाठी, ही त्यामागची कल्पना ज्या कामांतून आली त्यांत जामखेडचं स्थान मोठं आहे. पण आशाला वाचता-लिहिता यावं लागतं, रजिस्टरं भरावी लागतात, आणि तिच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक मिळतो: या लसीकरणाचे इतके, त्या बाळंतपणाचे इतके. जामखेडच्या बाईची पत वेगळ्याच गोष्टींवर उभी होती. मोजून पैसे मिळतात ते काम होतं आणि मिळत नाहीत ते राहून जातं का? सासूशी बोलत बसायला आशाला वेळ उरतो का? पोराला स्वतः पाजत बसण्याचा तो तास कोणत्या रकान्यात लिहायचा? या दोन पिढ्यांच्या कामाची गावागावांतून, शेजारी शेजारी ठेवून, मराठीत तुलना व्हायला हवी. डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. सत्तरच्या दशकात त्यांच्याबरोबर शिकलेल्या, पहिल्या तुकड्यांमधल्या ज्या बायका आज आहेत त्या उतारवयात आहेत. त्यांचं बरंचसं ज्ञान कागदावर नाही. ते टिपायला येणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणाची सोय घेऊन यावी, त्या बायकांच्या सुनांनाही शेजारी बसवावं, आणि अहवालाची मुदत जरा लांबची मागून घ्यावी.